महमूद ममदानी यांचं आफ्रिकाविषयक काम: नेतृत्व, शिक्षण आणि विकास याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महमूद ममदानी कोण?

युगांडाचे राज्यशास्त्रज्ञ. जन्म १९४६ साली मुंबईत, गुजराती कुटुंबात. वाढले पूर्व आफ्रिकेत, मुख्यतः कंपालात. त्या काळी युगांडात गोऱ्यांची, आशियाईंची आणि आफ्रिकनांची शाळा वेगवेगळी असे. १९६३ मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, पुढे १९७४ मध्ये हार्वर्डची पीएचडी मिळाली. १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने आशियाईंना देश सोडायला ९० दिवसांची मुदत दिली, तेव्हा ते कंपालातल्या माकेरेरे विद्यापीठात शिकवत होते. त्यांना लंडनच्या निर्वासित छावणीत जावं लागलं. त्यानंतर दार-ए-सलाम विद्यापीठ आणि पुन्हा माकेरेरे. १९८४ मध्ये अध्यक्ष ओबोटे यांच्या सरकारवर टीका केली म्हणून त्यांचं नागरिकत्वच काढून घेतलं गेलं. सत्तांतर झाल्यावर १९८६ मध्ये ते परतले. १९९६ ते १९९९ दक्षिण आफ्रिकेतलं केप टाउन विद्यापीठ, मग न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. २०१० ते २०२२ या काळात ते माकेरेरेच्या सामाजिक संशोधन संस्थेचे संचालकही होते.

एकाच माणसाचं नागरिकत्व एका देशाने दोनदा नाकारलं. नागरिक कोण हे कोण ठरवतं, हा प्रश्न त्यांच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात येतो, तो उगाच नाही.

न्यूयॉर्कचे महापौर ममदानी ते हेच का?

नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये महापौरपदी निवडून आलेले झोहरान ममदानी हे त्यांचे आणि चित्रपट दिग्दर्शक मीरा नायर यांचे चिरंजीव. संदर्भ देताना आडनावाबरोबर पूर्ण नाव लिहा, कारण अलीकडे इंटरनेटवर नुसतं आडनाव शोधलं की मुलाच्याच बातम्यांचा ढीग समोर येतो.

आफ्रिकेतल्या नेतृत्वाबद्दल त्यांचं म्हणणं काय? सगळा दोष भ्रष्ट नेत्यांचाच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. ममदानींचं उत्तर असं की माणूस बघण्याआधी तो ज्या खुर्चीत बसतो ती खुर्ची बघा.

‘सिटिझन अँड सब्जेक्ट’ या १९९६ च्या पुस्तकात त्यांनी ही खुर्ची उलगडून दाखवली आहे. वसाहतीचं राज्य दुभंगलेलं होतं. शहरात गोऱ्यांसाठी युरोपीय धाटणीचा कायदा: हक्क, न्यायालय, वर्तमानपत्र. खेड्यात आफ्रिकनांसाठी ‘रूढीचा कायदा’, आणि तो चालवणारा सरकारने नेमलेला किंवा मान्यता दिलेला मुखिया. नियम करणारा तोच, अंमल करणारा तोच, कर आणि वेठ वसूल करणारा तोच, निवाडा देणाराही तोच. ममदानी याला आवळलेली मूठ म्हणतात. आपल्याकडे तलाठी, फौजदार, न्यायाधीश आणि ग्रामसभा एकाच माणसात कोंबली तर काय होईल, याची कल्पना करा. त्या माणसाविरुद्ध दाद मागायची तर ती त्याच्याच ओसरीवर.

यातली मेख अशी की वसाहतपूर्व काळात बऱ्याच ठिकाणी मुखियावर वचक होता. थोरामोठ्यांची सभा असे, कुळं असत, आणि अगदीच असह्य झालं तर रयत उठून दुसऱ्या मुलखात जाई. इंग्रजांनी हा वचक काढून घेतला, मुखियाच्या पाठीशी बंदूक उभी केली आणि या नव्या व्यवस्थेला ‘परंपरा’ असं नाव दिलं.

स्वातंत्र्यानंतर काय बिघडलं तेही ते नेमकं सांगतात. काही देशांनी शहरातला वर्णभेद हटवला, पण खेड्यातला मुखिया तसाच ठेवला. काहींनी मुखिया हटवला, पण त्याच्या जागी एकाच पक्षाची वरून येणारी हुकमत आणली. पहिल्या वाटेवर जमाती-जमातींत भांडणं लागली, दुसऱ्या वाटेवर सगळं राजधानीच्या मुठीत गेलं. खेड्यातल्या माणसाला दोन्हीकडे नागरिक होता आलं नाही.

या व्यवस्थेचा भारताशी संबंध आहे, असं म्हणतात. तो कसा?

थेट आहे, आणि मराठी वाचकाला हा भाग लवकर भिडतो. ‘डिफाइन अँड रूल’ या २०१२ च्या छोट्या पुस्तकात ममदानी सुरुवात १८५७ पासून करतात. उठावानंतर इंग्रजांनी निष्कर्ष काढला की इथल्या समाजाला सुधारायला जाणं महागात पडतं. त्याच्या रूढी ‘जपायच्या’ आणि त्या रूढींतून राज्य करायचं. या विचाराला शास्त्राचं रूप दिलं हेन्री मेन यांनी. १८६२ ते १८६९ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य होते. त्यांची पुस्तकं पुढे वसाहतीत जाणाऱ्या अधिकाऱ्यांच्या वाचनात आली. नायजेरियात अप्रत्यक्ष राज्यकारभाराची, म्हणजे स्थानिक मुखियांमार्फत राज्य करण्याची, घडी बसवणारे फ्रेडरिक लुगार्ड यांचा तर जन्मच १८५८ साली मद्रासचा.

पुस्तकाच्या शीर्षकातला शब्दखेळ महत्त्वाचा आहे. ‘फोडा आणि राज्य करा’ आपल्याला पाठ आहे. ममदानींचं म्हणणं असं की फोडण्याआधी व्याख्या करावी लागते. जनगणनेचा रकाना, कायद्याचं कलम आणि शाळेतला इतिहासाचा धडा हे तिन्ही मिळून माणसाला ‘तू अमुक’ असं सांगतात. मग फूट आपोआप टिकते.

रवांडाबद्दलही ते हेच म्हणतात का?

बरचसं हेच. बेल्जियन प्रशासनाने १९३३-३४ च्या जनगणनेनंतर ओळखपत्रावर हुतू किंवा तुत्सी (तिथले दोन मुख्य समाज) अशी नोंद केली आणि तुत्सींना बाहेरून आलेला वरचा वंश ठरवलं. ‘व्हेन व्हिक्टिम्स बिकम किलर्स’ (२००१) मध्ये ते दाखवतात की १९९४ च्या तुत्सींच्या नरसंहारात मारणाऱ्या हुतूंच्या डोक्यात शेजारी नव्हता, परका घुसखोर होता. त्यांच्या मते हे समजून घेणं म्हणजे माफ करणं नव्हे. पुस्तक वाचताना हा फरक हातातून निसटू देऊ नका.

मग चांगल्या नेतृत्वाचं उदाहरण ते कोणतं देतात?

टांझानियाचे पहिले अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे. आपल्याकडे न्येरेरे म्हटलं की समाजवादाची १९६७ ची आरुशा घोषणा आणि सामूहिक शेतीची उजामा खेडी आठवतात, आणि ती खेडी फसली, तिथे विषय संपतो. ममदानींचा भर दुसरीकडे आहे. ऑक्टोबर १९६१ मध्ये टांगानिकाच्या (आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीच्या) संसदेत नागरिकत्वाच्या विधेयकावर वाद झाला. नागरिकत्व वर्णावर ठरवा, अशी सदस्यांची मागणी होती. न्येरेरेंनी ती ठाम धुडकावली. त्यासाठी राजीनाम्याचीही तयारी दाखवली. १९६३ मध्ये मुखियांचे शासकीय अधिकार कायद्याने संपवले. जमातीनुसार वेगळा कायदा आणि वंशानुसार वेगळा कायदा, दोन्ही जाऊन देशभर एक न्यायव्यवस्था आणण्याचं काम त्यांनी केलं, आणि रक्तपाताशिवाय केलं.

एक सावधगिरी: सक्तीने खेडी वसवण्याचं समर्थन म्हणून हे वाचू नका. त्या प्रयोगात माणसांना घरातून उठवलं गेलं, शेती कोलमडली. पण नेता मोजायचा असेल तर त्याने कोणती संस्था मोडली आणि तिच्या जागी कोणती उभी केली, हे बघावं लागतं. धरणं आणि रस्ते मोजून ते कळत नाही.

मुसेवेनींबद्दल त्यांचं मत का बदललं?

१९८६ मध्ये मुसेवेनी युगांडात सत्तेवर आले. त्यांच्या सुरुवातीच्या काळात स्थानिक शासनाची चौकशी करणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष ममदानीच होते. गावपातळीवरच्या निवडलेल्या समित्यांकडून त्यांना मोठी आशा होती. पुढे काय झालं ते एका आकड्यातून दिसतं: १९८६ मध्ये युगांडात ३३ जिल्हे होते, आज १३० हून जास्त आहेत. नवा जिल्हा बहुतेक वेळा एखाद्या जमातीच्या नावाने मागितला जातो. जिल्हा मिळाला की जी छोटी जमात तिथे अल्पसंख्य ठरते, ती पुढचा जिल्हा मागते. २०२५ च्या ‘स्लो पॉइझन’ या पुस्तकात ममदानींनी अमीन आणि मुसेवेनी यांना शेजारी ठेवून हे मांडलं आहे. विकेंद्रीकरण म्हणजे लोकशाही असं समजणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा.

‘विकास’ या विषयावर त्यांचं पहिलं पुस्तक पंजाबवर आहे, हे खरं का?

खरं. १९७२ चं ‘द मिथ ऑफ पॉप्युलेशन कंट्रोल’. १९५० च्या दशकात हार्वर्डच्या संशोधकांनी पंजाबात खन्ना परिसरात कुटुंबनियोजनाचा मोठा अभ्यास केला होता. गावोगाव गर्भनिरोधक गोळ्या वाटल्या. लोकांनी त्या घेतल्या, आणि घेतल्या म्हणजे वापरल्या असं नोंदलं गेलं. ममदानी पुढे मनुपूर गावात गेले, तेव्हा एका घरात त्यांना त्या गोळ्यांच्या डब्या एकावर एक रचून केलेली शोभेची मांडणी दिसली. गोळ्या का घेतल्या, तर दारी आलेल्या माणसाला नाही म्हणून दुखवायचं कशाला.

अभ्यासाचं गृहीतक होतं की लोकांना जास्त मुलं नकोत, फक्त साधन हातात नाही. शेतकऱ्याचा हिशेब वेगळा होता. मजूर लावायची ऐपत नसलेल्या घरात मुलगा म्हणजे कामाचे दोन हात आणि म्हातारपणाची सोय. त्याच्या लेखी गरिबीचं कारण जास्त मुलं नव्हतं. गरिबी होती म्हणून मुलं हवी होती. सर्वेक्षणाची प्रश्नावली तयार करणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक वाचावं असं आम्हाला मनापासून वाटतं. प्रश्न चुकीचा असेल तर शंभर टक्के प्रतिसाद मिळूनही हाती काही लागत नाही.

माकेरेरे विद्यापीठात नेमकं काय झालं?

माकेरेरे १९२२ मध्ये तंत्रशाळा म्हणून सुरू झालं, १९४९ मध्ये लंडन विद्यापीठाशी जोडलेलं महाविद्यालय झालं, १९६३ मध्ये पूर्व आफ्रिका विद्यापीठाचा भाग बनलं आणि १९७० मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झालं. विद्यार्थी सरकारी खर्चाने शिकत, वसतिगृह आणि हातखर्चासकट. अमीनचा काळ आणि नंतरची यादवी यांत ते खिळखिळं झालं, प्राध्यापकांचा पगार घर चालवण्याइतका उरला नाही. त्यातच १९८६ मध्ये हरारे इथे जागतिक बँकेने आफ्रिकी कुलगुरूंपुढे मांडलं की प्राथमिक शिक्षणाच्या मानाने उच्च शिक्षणावरचा खर्च फार कमी परतावा देतो. या दबावाखाली १९९० च्या दशकात फी भरणारे विद्यार्थी घ्यायला सुरुवात झाली आणि दशक संपता संपता तेच बहुसंख्य झाले. बाहेरून याची ‘शांत क्रांती’ म्हणून वाहवा झाली.

‘स्कॉलर्स इन द मार्केटप्लेस’ (२००७) मध्ये ममदानी दोन गोष्टी वेगळ्या करतात. फी भरणारा विद्यार्थी घेणं हे खाजगीकरण. त्या फीसाठी विद्यापीठाच्या आतल्या विभागांना एकमेकांशी स्पर्धेत उतरवणं हे बाजारीकरण. पहिल्यावर नियंत्रण ठेवता येतं. विद्यापीठ पोखरलं ते दुसऱ्याने. साखळी अशी:

विद्यार्थी ज्या विभागात नाव घालतो, त्याच्या फीचा मोठा वाटा त्या विभागाकडे राहतो. म्हणून दुसऱ्या विभागाचा विषय आपल्या विद्यार्थ्याला घेऊ देणं म्हणजे पैसा हातचा जाऊ देणं. मग प्रत्येक विभाग तोच विषय स्वतःच शिकवू लागतो, जाणकार माणूस असो वा नसो. भूगोल विभाग पर्यटनाची पदवी देऊ लागतो. नावं आकर्षक, गाभा पातळ. संध्याकाळच्या वर्गाला तासाप्रमाणे जादा पैसे मिळतात, म्हणून प्राध्यापक तास वाढवतो आणि संशोधन बाजूला ठेवतो. वर्ग सभागृहात मावेनासे होतात, उत्तरपत्रिका तपासायला हंगामी माणसं येतात. भौतिकशास्त्रासारखा विभाग, ज्याला प्रयोगशाळा लागते आणि संध्याकाळची गर्दी खेचता येत नाही, तो उपाशी राहतो.

आंतरविद्याशाखीय अभ्यासाच्या घोषणा सुरू असतानाच विभागांमधल्या भिंती उंच होत गेल्या. कारण कुणाचा दुष्टपणा नव्हे, पैशाच्या वाटपाचा नियम.

महाराष्ट्रातल्या विनाअनुदानित महाविद्यालयांशी तुलना करता येईल का?

अर्धीच. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयं निघाली, ती सरकारी विद्यापीठाच्या बाहेर, वेगळ्या संस्था म्हणून. माकेरेरेत बाजार शिरला तो सार्वजनिक विद्यापीठाच्या पोटात. तुलना जास्त नेमकी बसते ती अनुदानित महाविद्यालयात त्याच इमारतीत चालणाऱ्या स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमांशी आणि तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांशी. असा अभ्यास करायचा असेल तर प्रवेशसंख्येपासून सुरुवात करू नका. आधी फीचा रुपया कुठे कसा वाटला जातो तो कागद मिळवा: किती व्यवस्थापनाकडे, किती विभागाकडे, किती शिकवणाऱ्याला, ग्रंथालयाला काय. बाकीचं चित्र त्यातून उलगडत जातं.

सल्लागारी आणि संशोधन यांत ते एवढा फरक का करतात?

२०१० मध्ये माकेरेरेच्या सामाजिक संशोधन संस्थेचे संचालक झाल्यावर त्यांना दिसलं की संशोधक सल्लागारीच्या कामांत गुंतले आहेत. विद्यापीठातल्या संशोधनावरच्या २०११ च्या भाषणात त्यांनी फरक सांगितला: सल्लागारीत प्रश्न ग्राहक ठरवतो आणि तुम्ही उत्तर शोधता, संशोधनात प्रश्न मांडणं हेच निम्मं काम. देणगीदार संस्था प्रश्न ठरवून देते, आफ्रिकी संशोधक आकडे गोळा करतो, सिद्धांत पाश्चात्त्य विद्यापीठात तयार होतो. कच्चा माल इथला, पक्का माल तिथला, ही जुनी वसाहतीची वाटणी ज्ञानातही चालू राहते.

त्यांचा उपाय तपशिलात बघण्यासारखा आहे. परदेशी शिष्यवृत्त्यांवर विसंबण्याऐवजी त्यांनी २०१२ मध्ये माकेरेरेतच एमफिल-पीएचडीचा पाच वर्षांचा पूर्णवेळ कार्यक्रम सुरू केला. पहिली दोन वर्षं फक्त अभ्यासक्रम आणि वाचन. राजकारण, अर्थकारण, इतिहास आणि संस्कृती या चारही अंगांचं शिक्षण. विद्यार्थ्यांना विद्यावेतन, कारण नोकरी सांभाळून केलेली पीएचडी पुन्हा सल्लागारीकडेच वळते. यातला कच्चा दुवाही दिसतोच: हा पैसाही बऱ्याच अंशी परदेशी प्रतिष्ठानांकडूनच आला.

केप टाउनचा वाद कशावरून झाला?

१९९७-९८ मध्ये केप टाउन विद्यापीठात त्यांच्याकडे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आफ्रिकेवरच्या पायाभूत अभ्यासक्रमाचं काम आलं. त्यांनी आराखडा केला. प्राध्यापकांच्या गटाने तो बाजूला ठेवून दुसरा बनवला. ममदानींचा आक्षेप: या दुसऱ्या आराखड्यात आफ्रिका म्हणजे सहाराच्या खाली आणि दक्षिण आफ्रिकेच्या वर. इजिप्त नाही, दक्षिण आफ्रिका स्वतःही नाही, आणि आफ्रिकी अभ्यासकांमधले वादही नाहीत. काळ्यांना वेगळं, कमअस्सल शिक्षण देणाऱ्या वर्णभेदी ‘बांटू शिक्षणा’ची ही नवी आवृत्ती आहे, असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं. १९९९ मध्ये ते निघून गेले. २०१७ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना व्याख्यानाला बोलावलं, आणि ते गेले.

शिक्षणाच्या माध्यमाबद्दल त्यांची भूमिका काय?

२०१७ च्या त्या व्याख्यानात आणि त्यावरून झालेल्या २०१८ च्या लेखात ती आहे. दक्षिण आफ्रिकेतली आफ्रिकान्स ही बोली म्हणून हिणवली जाणारी भाषा अर्ध्या शतकात विज्ञानाची आणि विद्यापीठाची भाषा झाली, कारण तिच्यामागे विद्यापीठं, प्रकाशनं, शब्दकोश आणि सरकारी पैसा उभा राहिला. ही भाषा वर्णभेदी सत्तेची होती, हे ठाऊक असूनही ते हे उदाहरण देतात. उलट पूर्व आफ्रिकेतली स्वाहिली कोट्यवधी लोक बोलतात, पण उच्च शिक्षणात इंग्रजीच. भाषा आपोआप ज्ञानभाषा होत नाही, तिच्यासाठी संस्था उभाराव्या लागतात. मराठी विश्वकोशाची वाटचाल ठाऊक असलेल्याला हे पटवून द्यावं लागणार नाही.

त्यांच्यावर कोणती टीका होते?

तीन मुद्दे ठळक आहेत. इतिहासकार फ्रेडरिक कूपर यांचा आक्षेप असा की ममदानी वसाहतकाळातून थेट आजच्या संकटावर उडी मारतात आणि मधला स्वातंत्र्यलढ्याचा, कामगार चळवळींचा काळ निसटतो. हा आक्षेप आम्हाला रास्त वाटतो. दुसरा, सुदानच्या दारफूर प्रांतातल्या हिंसाचारावरच्या २००९ च्या पुस्तकात, दारफूर वाचवा म्हणणाऱ्या पाश्चात्त्य मोहिमेची झडती घेताना सुदान सरकारची जबाबदारी सौम्य झाली. तिसरा, झिंबाब्वेवरच्या २००८ च्या लेखात जमीनवाटपाचं महत्त्व सांगताना तिथले अध्यक्ष मुगाबे यांच्या दडपशाहीला पुरेसं स्थान मिळालं नाही, असं अनेक अभ्यासकांनी लिहिलं. संस्था बघण्याची त्यांची पद्धत ताकदीची आहे, पण खुर्चीकडे बघता बघता कधीकधी तिच्यात बसलेला माणूस सुटतो.

वाचायला सुरुवात कुठून करू?

संशोधनावरचं २०११ चं भाषण आधी वाचा. एका बैठकीत होतं. मग २०१८ चा आफ्रिकी विद्यापीठावरचा लेख. त्यानंतर ‘डिफाइन अँड रूल’: तीनच प्रकरणं, मूळची व्याख्यानं, भाषा सोपी. ‘सिटिझन अँड सब्जेक्ट’ पहिल्या पानापासून वाचायला घेणारे बरेचजण प्रस्तावनेतच अडकतात, कारण ती इतर अभ्यासकांशी वाद घालते. दुसऱ्या प्रकरणापासून सुरू करा, प्रस्तावना शेवटी. सोबत आफ्रिकेचा राजकीय नकाशा हवाच. माकेरेरेवरचं पुस्तक डाकारच्या कोडेस्रिया या संस्थेने काढलं आहे. तिची बरीच प्रकाशनं तिच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात.

मराठीत लिहिताना कोणत्या संज्ञा वापराव्यात?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. यंत्राने भाषांतर केलं की ‘सब्जेक्ट’चं ‘विषय’ होतं आणि पुस्तकाचं नाव ‘नागरिक आणि विषय’ असं छापलं जातं. ‘प्रजा’ चालेल; आमची पसंती ‘रयत’ला, कारण हक्क नसलेला पण कर भरणारा माणूस तिच्यात नेमका दिसतो. ‘ट्राइब’साठी ‘आदिवासी’ अजिबात नको. आपल्याकडे त्या शब्दाला अनुसूचीचा, जंगलहक्काचा आणि संघर्षाचा अर्थ आहे; आफ्रिकेत लाखोंच्या संख्येचे शेतकरी आणि व्यापारी समाजही ‘ट्राइब’मध्येच मोजले गेले. ‘जमात’ लिहा, आणि पहिल्यांदा येईल तिथे ती प्रशासनाने ठरवलेली वर्गवारी आहे हे एका वाक्यात सांगा. ‘नेटिव्ह’साठी ‘मूलनिवासी’ही टाळावा. त्या शब्दाला महाराष्ट्रात स्वतःचं राजकारण आहे आणि वाचक भलतीकडे जातो. ‘देशी’ किंवा सरळ ‘नेटिव्ह’ बरा, एकोणिसाव्या शतकातल्या मराठीत तो रुळलेला होताच. खाजगीकरण आणि बाजारीकरण हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी वापरतो. माकेरेरेवर लिहिताना मात्र पहिल्याच परिच्छेदात दोन्हींचा अर्थ ठरवून घ्या, नाहीतर पुस्तकाचा मुख्य मुद्दाच भाषांतरात हरवतो.